अटक लपविता कामा नये!

दरोडेखोर माणूस उचलून नेतात आणि पोलीसही माणूस धरून नेतात. या दोहोंत फरक कोणता? गणवेशाचा म्हणावे, तर गणवेश बाजारात शिवून मिळतो. शस्त्राचा म्हणावे, तर ते दोघांच्याही हाती असते. खरा फरक एकच आहे. दरोडेखोर आपले कृत्य लपवितो. कायद्याचा अधिकारी आपले कृत्य लिहून ठेवतो, त्याखाली सही करतो आणि विचारणाऱ्यास ते दाखवितो. ज्या दिवशी अधिकारी लिहिण्याचे टाळतो, किंवा लिहिलेले दाखविण्याचे नाकारतो, त्या दिवशी हा फरक पुसला जातो. अटकेच्या नोंदी जनतेस खुल्या असाव्यात की नाही, हा प्रश्न आम्ही इतक्या रोखठोकपणे मांडीत आहोत. कारण या नोंदी म्हणजे ठाण्यातील कारकुनी बाब होय, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे आणि ती घातक आहे.

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत नकळत एक जळजळीत टीका करून ठेविली आहे. 'अमक्याला अटक दाखविली' हे वाक्य वृत्तपत्रांत आणि कचेरीच्या आवारात आपण वारंवार ऐकतो. अटक केली नव्हे, अटक दाखविली! माणूस धरला सोमवारी सायंकाळी आणि अटक दाखविली मंगळवारी दुपारी. मधल्या वेळात तो कोठे होता? 'चौकशीसाठी आणला होता.' राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या इसमास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन घातले आहे. परंतु हे २४ तास मोजावयाचे कोठून? ज्याच्यावर बंधन घातले त्याच्याच हाती घड्याळ दिले, तर ते घड्याळ त्याच्या सोयीने चालते. कोठडीतील मारहाण, उकळलेले कबुलीजबाब आणि प्रसंगी मृत्यू, यांना जागा मिळते ती याच हरवलेल्या तासांत.

नोंद ठेवण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ साली जो पोलीस कायदा केला, त्याच्या ४४ व्या कलमाने ठाणे अंमलदाराने दैनंदिनी ठेवून तीत अटक झालेल्या सर्वांची नावे लिहिलीच पाहिजेत, असा दंडक घातला. मात्र ही दैनंदिनी दंडाधिकाऱ्याने मागावी आणि वाचावी. रयतेने तिच्याकडे पाहू नये. परक्या राज्यकर्त्याला आपल्या शिपायावर नजर ठेवावयाची होती, रयतेला हिशेब द्यावयाचा नव्हता. त्याच्या दृष्टीने ते सुसंगतच होते. स्वतंत्र भारतात ती वही बंदच राहावी, हे मात्र कोणत्याही तर्काने सुसंगत ठरत नाही.

वही बंद राहिली म्हणजे काय होते, याचा दाखला केरळाने दिला आहे. १ मार्च १९७६ रोजी, आणीबाणीचा अंमल चालू असताना, कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन नावाच्या विद्यार्थ्यास पोलिसांनी धरले व कक्कयम येथील छावणीत नेले. त्याचे वडील ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. त्यांनी अधिकाऱ्यांचे आणि मंत्र्यांचे उंबरठे झिजविले. मुलगा कोठे आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या गाजलेल्या खटल्यात असा निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. आणीबाणी उठल्यावर, १९७७ च्या मार्चमध्ये, वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. सरकारने शपथेवर सांगितले की, राजनला पोलिसांनी ताब्यात घेतलेच नव्हते! न्यायालयाने साक्षीपुरावा पाहून ते म्हणणे फेटाळले आणि मुलास हजर करण्याचा हुकूम दिला. मुलगा हजर झाला नाही, कारण तो जिवंत नव्हता. आणीबाणीत गृहखाते सांभाळणारे व नंतर मुख्यमंत्री झालेले करुणाकरन यांना एप्रिलमध्ये पायउतार व्हावे लागले. राजनचे प्रेत कधीच सापडले नाही.

वाचकहो, या प्रकरणात सारे काही एका ओळीवर अडले होते. 'राजन, आज ताब्यात घेतला, अमुक ठिकाणी ठेविला, अमुक अधिकारी' एवढी एक ओळ जर कोणत्याही फळ्यावर लागली असती, तर एका बापाला वर्षभर दारोदार फिरावे लागले नसते आणि कदाचित मुलगाही वाचला असता. ज्याचे नाव लिहिले गेले आहे त्याला नाहीसे करणे अवघड असते. अत्याचारी हात पहिला घाव घालतो तो नोंदीवर, याचे कारण हेच.

यापुढील इतिहास आशादायक आहे. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तपत्रीय बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सरन्यायाधीशांना धाडले. न्यायालयाने ते पत्र हाच अर्ज मानला आणि दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, न्यायमूर्ती कुलदीप सिंग व न्यायमूर्ती आनंद यांनी अकरा आदेश दिले. अटकेची वेळ व तारीख लिहिलेला पंचनामा जागेवर करावा, त्यावर घरच्या माणसाची वा गावातील प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष घ्यावी, आप्ताला कळवावे, ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. आणि अकरावा आदेश असा की, अटकेची व बंदी कोठे ठेविला आहे त्या जागेची माहिती १२ तासांच्या आत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षास देऊन ती तेथील ठळक फलकावर लावावी. हा निकाल आजही रद्द झालेला नाही.

२००९ साली संसदेने यातील पुष्कळसा भाग फौजदारी प्रक्रिया संहितेत घातला. तिच्या ४१ क कलमाने जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरील फलकावर अटक झालेल्यांची नावे व पत्ते आणि त्याबरोबरच अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे लावणे बंधनकारक केले. ती संहिता आता गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि त्या जागी तिचे ३७ वे कलम आले. या कलमाचे गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आता फलक केवळ जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, तर प्रत्येक पोलीस ठाण्यात लागावयाचा आहे. सहायक फौजदाराहून खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी त्यासाठी जबाबदार धरला आहे. संगणकीय माध्यमाचीही सोय आहे. परंतु जुन्या कलमाशेजारी नवे ठेवून वाचा, म्हणजे काय गळाले ते दिसेल. अटक झालेल्याचे नाव आहे, त्याचा पत्ता आहे, त्याच्यावरील गुन्ह्याचे स्वरूपही आहे. अटक करणाऱ्याचे नाव नाही!

ही चूक किरकोळ नाही. फलक हा मुळात सत्तेवर पहारा ठेवण्यासाठी जन्माला आला. त्यावरून सत्तेचे नाव पुसून केवळ बंदिवानाचे नाव ठेविले, की त्याच फलकाचा हेतू फिरतो. जे साधन अधिकाऱ्यास उत्तरदायी करण्यासाठी होते, ते नागरिकास बदनाम करण्याचे साधन होऊन बसते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. मग निर्दोष सुटणाऱ्या माणसाचे नाव चारचौघांत का टांगावे? लहान गावात एकदा लागलेला बट्टा निकालाने धुतला जात नाही. मुलीचे लग्न मोडते, नोकरी जाते, दुकानावरचे गिऱ्हाईक तुटते. अमेरिकेत अटकेच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी खुल्या असतात. तेथे काही धंदेवाईकांनी अटक झालेल्यांची छायाचित्रे गोळा करून प्रसिद्ध केली आणि ती काढून टाकण्यासाठी त्याच माणसांकडून पैसे उकळले. अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्याकडे निराळीच तऱ्हा आहे. संशयिताची भर बाजारातून धिंड काढली जाते. तोंडावर बुरखा घातलेला आरोपी मध्ये आणि मागे हसतमुख अधिकाऱ्यांची रांग, असे छायाचित्र वृत्तपत्रांना पुरविले जाते. आणि त्याच ठाण्यात त्या आरोपीची आई विचारावयास आली, तर तिला 'येथे नाही' म्हणून परत पाठविले जाते! छायाचित्रकाराला जो सापडतो तो आईला सापडत नाही, ही उघडेपणाची थट्टा आहे.

आमचे उत्तर स्पष्ट आहे. अटकेची नोंद ही आरोपीची पापपत्रिका नाही. ती सरकारने केलेल्या कृतीची पावती आहे. पावतीवर देणाऱ्याची सही, वेळ आणि ठिकाण हवे. तीत छायाचित्राला, तर्ककुतर्काला आणि 'कबुली दिली' असल्या भाकडकथांना जागा नाही. अल्पवयीन मुलांची ओळख २०१५ च्या बालन्याय कायद्याने झाकली आहे, ती झाकलीच राहिली पाहिजे. प्रथम माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला, तेव्हा लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली होती. तोच विवेक येथेही हवा.

खासगीपणाच्या नावाखाली मात्र कोणी नोंदवही पुन्हा कुलुपात घालू पाहील, तर त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात ज्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्याच पीठाने १९७६ चा तो जबलपूरचा निर्णय मोडीत काढला. खासगीपणा हे नागरिकाचे चिलखत आहे. अधिकाऱ्याने त्याचा पडदा करू नये. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर सांगतो की, जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत दिलीच पाहिजे. धरून नेलेला माणूस कोठे आहे, याहून स्वातंत्र्याशी अधिक संबंधित अशी दुसरी कोणती माहिती असू शकते?

आता एक प्रश्न सीमाभागातील आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा. फलक लागला, परंतु तो वाचता आला नाही, तर तो लागला असे म्हणावे काय? १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हाच मुद्दा उभा राहिला होता. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली. स्थानबद्धाने हिंदी भाषांतर मागितले. राजभाषा इंग्रजी आहे असे सांगून ते नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदा ठरविली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच न्यायालयाने सांगितले की, कोणत्याही गुन्ह्यातील अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. जो न्याय कारणांना, तोच फलकाला. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील ठाण्यांच्या फलकावर कानडीबरोबर मराठीही असलीच पाहिजे. आणि जत, अक्कलकोट येथील ठाण्यांत मराठीबरोबर कानडीही असली पाहिजे. दुसरी मागणी ज्याला रुचत नाही, त्याला पहिली करण्याचा अधिकार नाही. लेकराचा शोध घेणाऱ्या आईची भाषा हीच त्या फलकाची भाषा होय.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. फलक ठाण्याच्या बाहेरच्या भिंतीवर, आत पाऊल न टाकता वाचता येईल असा असावा आणि अटकेनंतर १२ तासांच्या आत त्यावर नोंद व्हावी. नोंदीत धरल्याची खरी वेळ, बंदी ठेविल्याची जागा आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. ३७ व्या कलमात ते नसले, तरी राज्य सरकारांना नियम करून ते घालण्यास कोणी अडविलेले नाही. जामीन, सुटका वा निर्दोषत्व यांची नोंद त्याच ठळकपणे व्हावी आणि सुटलेल्याचे नाव संकेतस्थळावर वर्षानुवर्षे लटकत राहू नये. चौथी, भाषेची मागणी वर सांगितलीच आहे.

कायदा पुस्तकात असून भागत नाही. त्याची हजेरी घ्यावी लागते. वकिलांनी, शिक्षकांनी, गावोगावच्या तरुण मंडळांनी या आठवड्यात आपापल्या ठाण्याकडे एक फेरी मारावी. फलक आहे काय, त्यावर आजची तारीख आहे काय, जबाबदार अधिकारी कोण, एवढे तीनच प्रश्न शांतपणे विचारावेत व उत्तर न मिळाल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बातमीदारांनीही 'अटक दाखविली' असे लिहिण्यापूर्वी 'धरले केव्हा?' असे विचारावे. लोक रोज येऊन वाचतात हे ज्या ठाण्याला ठाऊक आहे, त्या ठाण्यात रात्रीचे तास हरवत नाहीत.