घर सोडा, पण दावणीचे काय?

ऑगस्ट २०२५मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या फुगवट्याने गावे वेढली, तेव्हापासून एक प्रश्न सतत कानावर येतो : धरण भरणार हे माहीत असून माणसे गावात राहिलीच कशाला? विचारणाऱ्यांनी त्या रात्रीचा हिशेब आधी पाहावा. १७ तारखेच्या रात्री मुखेड भागात दोनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळला, वरून उदगीरकडचे आणि कर्नाटकातले पाणी आले. अंधारात ते घरात शिरले. एकट्या रावणगावात सव्वादोनशेच्या आसपास माणसे अडकली. हसनाळमध्ये जीव गेले. शेवटी लष्कराला बोलवावे लागले.

ही बुडीत क्षेत्रातली गावे. कधीतरी उठावे लागणार, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होते. पण प्रकल्प दशकानुदशके रखडला आणि मोबदल्याचा, पुनर्वसनाचा तंटा मिटला नाही. एकदा उठलो की आपल्याला कोण विचारणार, या भीतीने माणूस उंबऱ्याला धरून बसतो. त्या भीतीला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

आणि दावणीला जनावरे. पोळा त्याच आठवड्यात होता. बैलजोडी, दुभती म्हैस, चार शेळ्या एवढेच ज्याचे भांडवल, त्याला 'शाळेत जाऊन थांबा' एवढे सांगून भागत नाही. म्हैस शाळेच्या खोलीत मावत नाही, आणि दावे कापून तिला अंधारात सोडून देण्याइतके त्याचे मन घट्ट नसते. मग बायकापोरांना पुढे पाठवून घरातले एखादे म्हातारे माणूस मागे राहते. यावर उपाय आहे. बांगलादेशात किनाऱ्यावर जनावरांसाठी मातीचे उंच गढीवजा ओटे बांधले आहेत. चक्रीवादळाचा इशारा आला की गुरे तिथे न्यायची. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. २०१३मध्ये फायलिन चक्रीवादळ येण्याआधी तिथे दहा लाखांच्या आसपास माणसे हलवली गेली आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. माणसे तीच होती. मधल्या काळात निवारे बांधले गेले होते आणि जायचे कुठे हे गावाला ठाऊक होते.

धोका ठाऊक असूनही घरातच राहावे लागणे लातूर जिल्ह्यालाही नवे नाही. किल्लारी परिसराला १९९२मध्येच भूकंपाचे धक्के बसले होते, लोक भीतीने काही काळ घराबाहेर झोपलेही. पण उघड्यावर किती रात्री काढणार? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा माणसे पुन्हा त्याच दगडमातीच्या भिंतींच्या आत होती.

पाणी चढणार असे कळले की घर सोडलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तसे सांगणाऱ्याने आधी जागा दाखवली पाहिजे. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा प्रशासनाने पुढच्या पावसाळ्याआधी लेंडी, मांजरा, तेरणा आणि गोदावरीकाठच्या गावांत गुरांसह थांबता येईल अशी उंच जागा ठरवावी. तिथे चारा आणि पाणी साठवावे, शाळेची किल्ली कोणाकडे आहे ते गावात लिहून लावावे. लेंडीच्या बुडीत गावांचा मोबदला आणि प्लॉट यांचा निकाल तर त्याआधीच लागला पाहिजे.