ऐनवेळी माणूस आला नाही तर?

गेल्या उन्हाळ्यात बीडच्या आमच्या कापड दुकानात एका छोट्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. पत्रकारिता शिकणारा आमचा भाचा व त्याचे चार वर्गमित्र आमच्या ओट्यावर मशीन लावून बसणाऱ्या टेलर मास्तरांवर दहा मिनिटांचा चित्रपट काढणार होते. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, जन्म कापड मोजण्यात गेलेला. कॅमेऱ्यातले आम्हाला काय कळणार? पण त्या दिवशी जे घडले ते आपल्याच धंद्यातले होते, म्हणून लिहीत आहोत.

सकाळी सातची वेळ ठरली होती. साडेसहाला आवाज भरणाऱ्या मुलाचा निरोप आला, "आज जमणार नाही." प्रकाशाची बाजू सांभाळणाऱ्याने तर फोनच बंद ठेवला. भाचा म्हणाला, "मामू, आज रद्द करू." आम्ही विचारले, "कॅमेऱ्याचे भाडे?" "ते द्यावेच लागेल." "आणि मास्तरांची रोजी?" यावर तो गप्प झाला. मास्तरांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाचे कपडे घेतले नव्हते. जे आले नाहीत त्यांचे काहीच बुडत नव्हते. जो वेळेवर येऊन बसला त्याचीच मजुरी बुडणार होती. आमच्या मते पहिला विचार त्याचा व्हावा.

मग आहे त्या माणसांत काय होईल याचा हिशेब मांडला. ज्या प्रसंगांत बोलणे नव्हते ते वेगळे काढले : कात्री चालणे, सुईत दोरा ओवणे, ठाण उलगडणे. ते आधी उरकले. दारात पांढरा मांजरपाट ताणून धरला. त्यावरून उन्हाचा उजेड मास्तरांच्या तोंडावर पडला. बोलण्याचे प्रसंग पंखा बंद करून घेतले. मास्तरांच्या खिशात मोबाईल ठेवून आवाज भरला व दर वेळी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली, म्हणजे पुढे चित्र व आवाज जुळवता येतात. बाजारातला प्रसंग मात्र सोडून द्यावा लागला.

हे संकट नवे नाही. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांना त्यांनी तारामती केले. मालेगावचे शेख नासिर यांनी यंत्रमागाच्या गावातली साधी माणसे घेऊन चित्रपट काढले. त्यांच्यावरील फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात दिसते, की सुपरमॅन झालेल्या शफीक या कामगाराचे ऐन चित्रीकरणात लग्न निघाले. तरीही चित्रपट पुरा झालाच. आपल्या जिल्ह्यातले मुकादम तर हे जाणतातच. उचल घेतलेली जोडी ऊसतोडीला आली नाही, तर टोळी मोडत नाहीत. दुसरी जोडी शोधतात.

भाच्याने रागाने मोबाईलवर मित्रांना वाईटसाईट लिहायला घेतले, तेव्हा आम्ही त्याचा हात धरला. पुढे कळले, आवाजवाल्या मुलाला त्याच दिवशी लग्नाच्या शूटिंगचे पैशाचे काम मिळाले होते. गरजू पोराने रोजगार धरला, यात गुन्हा नाही. आदल्या दिवशी सांगितले नाही, ही चूक. पण त्याला किती वाजता यायचे, किती वेळ थांबायचे, जेवण व बसभाडे कोणाचे, हे तरी कोणी नीट सांगितले होते? बिनपगारी माणसाला फक्त शब्द बांधून ठेवतो. तो शब्द साफ घ्यावा आणि आदल्या रात्री पुन्हा विचारावा. प्रत्येक काम दुसऱ्या एकाला दाखवून ठेवावे, आणि माणूस कमी पडल्यास कोणता प्रसंग सोडायचा हेही आधीच ठरवावे.

रमजानच्या अखेरच्या दिवसांत कारीगर दुसऱ्या दुकानी गेला, म्हणून ओरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याच्या जागी बसेल असा दुसरा हात आपण वर्षभरात तयार केला का, हे किती जण स्वतःला विचारतात?

संध्याकाळी भाच्याने मास्तरांना दिवसाची मजुरी दिली. ते घेईनात. आम्ही घ्यायला लावली. आलेल्या माणसाचा हिशेब त्याच दिवशी चुकता केला, तर पुढच्या वेळी तो नक्की येतो.