प्रश्न आधी ठरवा



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाच्या निकालावरून बरीच नाराजी झाली. निर्णायकांनी (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, तोंडी हाच शब्द येतो, आपण परीक्षक म्हणा) सूचनेत उपयुक्त प्रतिकृती मागितली आणि बक्षीस दिले सुंदर मांडणीला. सहावीचा एक गट रडत घरी गेला. मला अमेरिकेतील वैमानिकरहित लढाऊ विमानांची स्पर्धा आठवली.

बोइंगचे एक्स-४५ए मे २००२ मध्ये उडाले, तर नॉर्थरॉप ग्रुमनचे पतंगाच्या आकाराचे एक्स-४७ए फेब्रुवारी २००३ मध्ये. दोघांनाही शेपूट नाही, पण काम वेगळे. पहिले हवाई दलाचे, शत्रूची विमानविरोधी यंत्रणा मोडण्यासाठी. दुसरे नौदलाचे, डुलत्या जहाजावर उतरण्यासाठी. २००३ मध्ये या दोन्ही योजना एकाच दावणीला बांधल्या गेल्या. २००६ मध्ये ती संयुक्त योजना बंद पडली, कारण हवाई दलाचे लक्ष लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानाकडे वळले होते. बोइंगच्या विमानाने २००४ मध्ये अचूक बॉम्ब टाकून दाखवला होता, त्याचे काय?

नौदलाने मात्र आपला प्रश्न सोडला नाही. २००७ मध्ये नॉर्थरॉपची निवड झाली आणि १० जुलै २०१३ रोजी एक्स-४७बी विमानवाहू जहाजावर आपले आपण उतरले. त्याच दिवशी पुढच्या एका खेपेला त्याला स्वतःच्या संगणकातला बिघाड कळला आणि ते किनाऱ्यावरच्या धावपट्टीकडे वळले. मला उतरण्यापेक्षा हे वळणे मोठे वाटते. आपल्या मुलांना 'माझे चुकले, मी थांबतो' म्हणायला किती वेळ लागतो!

पुढे नौदलाचाही प्रश्न बदलला. आता हल्ला करणारे नको, हवेत इंधन भरणारे विमान हवे. नॉर्थरॉपने २०१७ मध्ये त्या स्पर्धेतून अंग काढले आणि २०१८ मध्ये ते काम बोइंगला मिळाले. एवढ्या मोठ्या खात्याला प्रश्न बदलणे कदाचित भाग पडत असेल. आपल्याला सहावीच्या मुलांसमोर ते भाग नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, पुढील प्रदर्शनाचे निकष व प्रत्येकाचे गुण दिवाळीच्या सुटीपूर्वी फलकावर लागावेत आणि नंतर कोणीही, मीसुद्धा, त्यात फेरफार करू नये. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत हा विषय मी ठेवत आहे. पालकांनी आपले मत लेखी कळवावे.