मुलाखतीचें भय

परीक्षेचें भय विद्यार्थ्यांस नवें नाहीं. वर्षांतून दोनदां तें त्यांच्या भेटीस येतें आणि सुट्टी लागली कीं निघून जातें. परंतु शाळेचा दरवाजा कायमचा मागें पडल्यावर ज्या एका भयाशीं बहुतेकांस सामना करावा लागतो, त्याविषयीं आपल्या वर्गांत क्वचितच कोणी बोलतो. तें भय नोकरीच्या मुलाखतीचें होय. या वार्षिकाच्या वाचकांपैकीं जे शेवटच्या वर्गांत आहेत, त्यांतील पुष्कळांस थोड्याच वर्षांत या प्रसंगास तोंड द्यावयाचें आहे. म्हणून एका जुन्या विद्यार्थ्यानें त्याविषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटतें.

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यानें बाळें, केगांव व कोंडी हीं गांवें मागें टाकलीं कीं मोहोळ तालुक्यांत चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. अक्कलकोट रस्त्यावरील वसाहत चादरी व टॉवेल यांच्या मागांनीं गजबजलेली, तर येथें मोटारींच्या इंजिनांतील कॅमशाफ्टपासून अमाइन वर्गाच्या रसायनांपर्यंत नाना प्रकारचा माल तयार होतो. भरतीच्या दिवशीं सकाळीं एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशीं थोडा वेळ उभें राहून पाहावें. इस्त्रीचे कपडे केलेले, प्लॅस्टिकच्या पिशवींत प्रमाणपत्रें सांभाळणारे तरुण तेथें दिसतात. अलीकडे त्यांत मुलीही असतात. कोणी सारखें घड्याळ पाहतो, कोणी पाठ केलेलें उत्तर ओठांतल्या ओठांत पुटपुटतो, तर कोणास टपरीवरचा चहाही गिळवत नाहीं.

मीही एके काळीं याच रांगेंत उभा होतों. विजापूर रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचें शिक्षण पुरें करून मी पहिल्या मुलाखतीस गेलों, तेव्हां पहिलाच प्रश्न इंग्रजींत आला. प्रश्न साधा होता, स्वतःविषयीं कांहीं सांगा एवढाच. पण घशास कोरड पडली, शब्द फुटेना, आणि पांच मिनिटांत मी बाहेर आलों. परततांना मला असें वाटलें कीं, मी नाकारला गेलों तो कामगार म्हणून नव्हे, माणूस म्हणून. घरीं वडिलांनीं विचारलें, तेव्हां ‘कळवितों म्हणाले’ असें मीं खोटेंच सांगितलें.

पुढें महिन्याभरानें दुसऱ्या एका कारखान्यांत बोलावणें आलें. तेथें मराठींतच विचारलें गेलें, ‘मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट किती?’ ०.०१ मिलिमीटर हें उत्तर मीं वर्कशॉपमध्यें कितीतरी वेळां दिलें होतें. तें त्या क्षणीं मुळींच आठवेना. समोरच्या वयोवृद्ध फोरमननीं माझ्या तोंडाकडे पाहिलें, खणांतून मायक्रोमीटर काढला, एक गोल दांडा पुढें ठेवला आणि म्हणाले, ‘घाई नाहीं बाळ, माप घे.’ उपकरण हातीं येतांच बोटें आपोआप चालूं लागलीं. स्लीव्ह व थिंबल यांवरील माप मीं वाचून दाखविलें, आणि त्याबरोबर विसरलेलें उत्तरही तोंडीं आलें. आज मी स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसतों, तेव्हां तो दांडा मला रोज आठवतो.

कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळीं मुलाखतीचें हें खूळ नव्हतें, तेंच बरें होतें.’ हें म्हणणें तपासून पाहण्याजोगें आहे. सोलापुरांत १८७७ सालीं जुनी गिरणी निघाली आणि त्यामागून इतर गिरण्या उभ्या राहिल्या. आज त्यांचे भोंगे थांबले आहेत. त्या काळीं हिंदुस्थानांतील गिरण्यांत माणसें भरण्याची सत्ता पुष्कळ अंशीं जॉबराच्या हातीं असे. फाटकाशीं बदली कामगार जमत आणि जॉबर ज्याकडे बोट करील तो आंत जाई. तें बोट कोणाकडे वळावें हें नातें, गांव, जात व चिरीमिरी यांवर अनेकदां ठरे. व्हिटलीसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर कमिशननें १९३१ सालच्या आपल्या अहवालांत या लांचलुचपतीकडे लक्ष वेधलें आणि भरतीचा अधिकार जॉबराकडून काढून घ्यावा, असें सुचविलें. तेव्हां मुलाखत ही आपत्ति नव्हे. जेथें ओळखीवर काम मिळतें, तेथें गुण दाखविण्याची धास्ती नसते. कारण गुण कोणी विचारीतच नाहीं. आपल्या छातींतील धडधड ही एका परीनें त्या न्यायाची किंमत आहे, आणि ती देण्यास आपण कचरूं नये.

परंतु किंमत द्यावी म्हणजे वाटेल तेवढी द्यावी, असें नव्हे. भय आवरतां येतें, आणि त्यासाठीं प्रथम तें काय आहे हें समजून घ्यावें. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, भीति वाटतांच अॅड्रिनल ग्रंथींचा स्राव रक्तांत मिसळतो, हृदय जलद चालतें, यकृतांतील साखर रक्तांत उतरते आणि पोटाकडील रक्त स्नायूंकडे वळतें. म्हणजे ज्यास आपण आपला भित्रेपणा समजतों, ती वस्तुतः शरीरानें केलेली कामाची तयारी आहे. हार्वर्ड येथील संशोधिका अॅलिसन वुड ब्रुक्स यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग याच विचारास पुष्टि देतात. भाषण करण्यापूर्वीं ‘मी शांत आहें’ असें स्वतःस बजावणाऱ्यांपेक्षां ‘मला हुरूप आला आहे’ असें म्हणणाऱ्यांचें भाषण अधिक चांगलें वठलें. शांत होण्याचा हट्ट धरून शरीराशीं झगडत बसण्यापेक्षां त्या वेगास कामाला जुंपणें सोपें जातें, हें त्यांतील मर्म.

याला जोड हवी ती तयारीची. उत्तरें मनांत न घोळवितां एखाद्या मित्रापुढें मोठ्यानें बोलून पाहावीं. मनांतलें वाक्य व तोंडांतलें वाक्य यांत किती अंतर असतें, तें तेव्हांच कळतें. शक्य तर आदल्या दिवशीं जाऊन फाटक पाहून यावें, म्हणजे सकाळीं वाट चुकण्याची चिंता उरत नाहीं. प्रमाणपत्रें रात्रींच क्रमानें लावावीं. उपाशीं जाऊं नये, आणि धीर येण्यासाठीं चहावर चहाही पिऊं नये. आंत बोलावणें येईपर्यंत श्वास सावकाश घ्यावा व त्याहूनही सावकाश सोडावा. दीर्घ उच्छ्वासानें नाडीचा वेग उतरतो. जें ठाऊक नसेल तेथें ‘मला ठाऊक नाहीं, पण शिकेन’ असें स्पष्ट सांगावें. ज्यास यंत्रावर उभें करावयाचें, तो न कळलेलें कळलें म्हणणारा असेल तर एखाद्या दिवशीं आपला व दुसऱ्याचा हात गमावून बसेल, हें प्रत्येक शहाणा अधिकारी जाणतो.

आतां एक गोष्ट माझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्यांस सांगितली पाहिजे. उमेदवाराचें भय हा केवळ उमेदवाराचा दोष नव्हे. त्याचा अर्धा वांटा आमच्याकडे येतो. आपल्या शहरांतील मुलगा घरीं तेलुगू किंवा कन्नड बोलतो, शाळेंत मराठी शिकतो आणि गल्लींत हिंदी ऐकतो. जें काम तो पुढें आयुष्यभर मराठींत करणार, त्याची पारख पहिल्या क्षणींच इंग्रजींतून कां करावी? इंग्रजी त्या कामास लागत असेल तर अवश्य विचारावी. पण ती दारावरच्या पहाऱ्यासारखी उभी करूं नये. श्मिट व हंटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं पंच्याऐशीं वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांस असें आढळलें कीं, मनास येतील ते प्रश्न विचारण्यापेक्षां सर्वांस ठरीव प्रश्न विचारणें, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेणें, यांवरून माणसाची पुढील कर्तबगारी अधिक चांगली ताडतां येते. माझ्या त्या फोरमननीं हा आढावा वाचला नसावा. पण खणांतून मायक्रोमीटर काढतांना त्यांनीं केलें तें हेंच. ती केवळ दया नव्हती. ती अधिक अचूक परीक्षा होती.

शेवटची विनंती घरच्या मंडळींस. मुलगा अथवा मुलगी मुलाखतीहून परतल्यावर ‘काय झालें? लागली कां?’ हा प्रश्न उंबरठ्यावरच विचारूं नये. आधीं पाणी द्यावें, जेवूं घालावें. त्या दिवशीं नकार आला असेल तर तो सांगण्याइतका विश्वास घरांत असावा. मीं वडिलांस खोटें सांगितलें तें त्यांच्या रागाच्या भीतीनें नव्हे. त्यांची आशा मोडेल या भीतीनें. पुढें नोकरी लागल्यावर एकदां तें कबूल केलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, ‘अरे, मला त्याच दिवशीं कळलें होतें. तूं सांगशील म्हणून वाट पाहत होतों.’

विद्यार्थी-मित्रहो, फाटकापाशीं उभे असतांना छाती धडधडली तर लाजूं नका. एका कारखान्याचा नकार हा त्या दिवसाचा व त्या जागेचा नकार असतो. तो तुमच्या योग्यतेवरील शेवटचा निवाडा नव्हे. आणि तुमच्यांतील जे कोणी पुढें टेबलाच्या पलीकडे बसतील, त्यांनीं आपल्या खणांत एक मायक्रोमीटर अवश्य ठेवावा.