हाताची नवी शाळा

गेल्या जून महिन्यांत माझा पुतण्या दहावीची परीक्षा उतरून नागपुराहून आमच्या पुण्याच्या घरीं पुढील शिक्षणासाठीं राहावयास आला. एकत्र कुटुंबांत एका ताटाची भर पडली तर ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. परंतु या मुलाची कीर्ति त्याच्या आधींच येऊन पोंचली होती. टेलिव्हिजनला जोडावयाच्या कन्सोलवरील नेमबाजीच्या खेळांत मित्रमंडळींत त्याला जोड नाहीं, असें त्याची आई, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, कौतुकानें आणि थोड्या काळजीनेंहि सांगत असत. कन्सोल नागपुरासच राहिला. आमच्या घरीं आहे तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतील, सर्वांच्या उपयोगाचा एक संगणक. आणि त्यावर रविवारीं दुपारीं खेळण्याचा हक्क माझ्या बारा वर्षांच्या मुलीनें पूर्वींच मिळविलेला होता.

पहिल्या रविवारीं सारें घर गंमत पाहावयास जमलें. पुतण्या ऐटीनें बसला. परंतु पडद्यावरील त्याचा शिपाई कधीं आकाशाकडे पाही, तर कधीं स्वतःच्या पायांकडे. भिंतीला तोंड लावून उभा राही. शत्रु डावीकडून आला कीं हा उजवीकडे वळे. मुलगी हसूं लागली, तिच्यामागून धाकटीं पोरेंहि हसलीं. तो उठला, "हा माऊसच खराब आहे," असें म्हणाला आणि आंत निघून गेला. पुढचे तीन रविवार तो त्या खोलींत फिरकला नाहीं.

खरें सांगावयाचें तर मला प्रथम बरेंच वाटलें. खेळ सुटला, आतां अभ्यास होईल! परंतु एके दिवशीं मीं अकरावीच्या गणिताविषयीं विचारलें, तेव्हां त्यानें अगदीं शांतपणें उत्तर दिलें, "तें मला जमत नाहीं, काका. विषय बदलून घेतों." तेव्हां मात्र मी सावध झालों. न जमणारी गोष्ट सोडून देण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती एका खेळापुरती राहत नाहीं.

त्याला वाटेवर आणलें तें आमच्या मोठ्या काकांनीं. त्यांचें वय आज ८२ आहे. लहानपणीं ते पायपेटीवर शिकले. पुढें जागा बदलतांना ती विकावी लागली आणि हातपेटी घरांत आली. ते म्हणाले, "पायपेटीचा भाता पायानें चालतो, म्हणून दोन्ही हात सुरांवर मोकळे असतात. हातपेटीला डावा हात भात्याशीं बांधला जातो. सहा महिने मला साधा भूप धड वाजवितां येईना. आणि राग तर मला चांगलाच येत होता!" कोटी ध्यानांत येऊन मुलगा पुष्कळ दिवसांनीं हसला.

त्याच रात्रीं आम्ही तिघे संगणकापुढें बसलों आणि चूक नेमकी कोठें होते तें पाहूं लागलों. कंट्रोलरवर अंगठ्याखालीं जी लहान दांडी असते, ती गति सांगते. दांडी थोडी कलविली तर दृष्टि सावकाश वळते, पुरती कलविली तर जलद वळते, आणि कलती धरून ठेवली तोंवर वळतच राहते. सोडली कीं दांडी आपोआप मध्यावर येते व वळणें थांबतें. माऊस गति सांगत नाहीं, अंतर सांगतो. हात सरकतो तितकीच दृष्टि वळते, आणि हात थांबला कीं तीहि थांबते. पुतण्या माऊस किंचित् ढकलून वाट पाहत बसे, कारण वळणें पुढें चालूच राहील अशी त्याच्या अंगठ्याची जुनी समजूत. कांहींच होत नाहीं असें पाहून मग तो जोरानें ढकली, आणि शिपाई गर्रकन् फिरे.

डाव्या हाताची अडचण निराळी. दांडीनें हव्या त्या दिशेला, हव्या त्या वेगानें चालतां येतें. कीबोर्डावर मात्र डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळा. आणि कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. एकेक अथवा दोन दोन दाबून दिशा आठच मिळतात.

हाताची ही वांटणी मूळची जुनी आहे. अमेरिकेंत डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं पहिला माऊस तयार केला. तो लांकडी होता आणि त्याच्या पोटाखालीं दोन चाकें होतीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें एंगलबर्ट यांनीं तो भर सभेंत चालवून दाखविला, तेव्हां त्यांच्या उजव्या हातांत माऊस आणि डाव्या हाताखालीं पांच कळांची लहान पट्टी होती. खेळांत मात्र ही पद्धति सावकाश रुळली. 'क्वेक' या खेळाची 'रेड ॲनिहिलेशन' ही स्पर्धा १९९७ सालीं जिंकणारा डेनिस फाँग प्रथम केवळ कीबोर्डावर खेळत असे. कीबोर्डाला ट्रॅकबॉलची जोड देऊन खेळणाऱ्या त्याच्या सख्ख्या भावानें त्याला हरविलें, तेव्हां जुनी संवय मोडून त्यानें माऊस हातीं घेतला. त्या चार कळांचा प्रघात वाढण्यास पुढें त्याचेंच उदाहरण पुष्कळ कारण झालें. घरच्याच माणसाकडून हरण्यांत कमीपणा नाहीं, हें पुतण्याला माझ्या उपदेशापेक्षां या हकीकतीनें अधिक पटलें.

एक गोष्ट मात्र त्याला फार लागली. कन्सोलवरील नेमबाजीच्या पुष्कळ खेळांत नेम लक्ष्याजवळ आला कीं यंत्र त्याची गति किंचित् मंद करून अंगठ्याला साहाय्य करतें. माऊसनें खेळणाऱ्याला असें साहाय्य सहसा मिळत नाहीं. हें कळतांच तो म्हणाला, "म्हणजे तें कौशल्य माझें नव्हतेंच का?" मीं सांगितलें, "मैदान ओळखणें, केव्हां लपावें, शत्रु कोठून येईल, हें सारें तुझेंच आहे, आणि तें अजून तुझ्यापाशीं आहे. नेम तेवढा नव्यानें शिकावा लागेल."

मग नियम ठरले. जी हसली तिनेंच शिकवावयाचें, हा पहिला. माऊसच्या बाणाला वेगाप्रमाणें आपोआप अधिक पळविणारी संगणकांतील सोय बंद केली. कारण ती चालू असली म्हणजे तेवढेंच अंतर कधीं कमी तर कधीं अधिक वळवितें, आणि हाताला एक माप पाठ होत नाहीं. पुरता एक फेरा घेण्यास हात सुमारें ३० सेंटिमीटर सरकावा लागेल, इतका माऊस मंद केला, आणि केवळ मनगटानें नव्हे तर कोपरापासून हात हलविण्यासाठीं मेजावरचा पसारा काढला. हें माप रोज बदलावयाचें नाहीं. शत्रूच्या वाटेस न जातां प्रथम रिकाम्या मैदानांत चालावयाचें आणि दाराच्या कड्यावर नेम धरावयाचा. वेळ रोज वीस मिनिटें, त्याहून अधिक नाहीं.

कंट्रोलर संगणकालाहि जोडतां येतो, आणि मोटारींच्या शर्यतींत तर पुष्कळ जण तोच पसंत करतात. तो आणून देऊं का, असें मीं विचारलें. "मोटारींसाठीं आणा," तो म्हणाला, "पण हें आतां शिकूनच घेतों."

याला दोन महिने झाले. अजूनहि अधिक डाव मुलगीच जिंकते. परंतु हरल्यावर तो आंत निघून जात नाहीं, कोठें चुकलें तें तिलाच विचारतो. गणिताचा निकाल दिवाळीनंतर लावूं, असें आमचें ठरलें आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर वही घेऊन तो माझ्यापाशीं बसतो. एकेक उदाहरण सुटण्यास वेळ लागतो, आणि कित्येक सुटतहि नाहींत.

आतां एक माझी गोष्ट सांगणें भाग आहे. हें पान मी दर महिन्यास हातानें लिहितों व मुलगी तें संगणकावर उतरविते. मीं स्वतः एकदां प्रयत्न केला होता; 'क' शोधतां शोधतां वाक्य विसरलों, घरांतील मंडळी हसलीं, आणि मीं तो नाद सोडला. परवां पुतण्यानें सहज विचारलें, "काका, तुमचाहि माऊस खराब आहे का?" यावर मला उत्तर सुचलें नाहीं. वरील पहिले दोन परिच्छेद मीं स्वतः बोटांनीं टिपले आहेत. त्यांस दीड तास लागला.

वाचकांस एवढीच विनंती कीं, घरांत कोणी लहान वा थोर नव्या साधनापुढें अडखळत असेल, तर पहिले आठ दिवस तरी आपण हसूं आवरावें. त्याच्या डोक्यांतील विद्या कोठें गेलेली नसते. हातापर्यंत पोंचण्यास तिला वेळ हवा असतो.