शंटिंगचे इंजिन

आगगाडीचे नाव निघाले की मुलांच्या डोळ्यांपुढे धडधडत जाणारी मेल उभी राहते. ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली व तीस साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने होती, हे पुष्कळांस तोंडपाठ असते. परंतु त्याआधी, १८५२ सालीच, तो लोहमार्ग बांधीत असता डबे हलविण्याचे काम एक इंजिन करीत होते. मुंबईच्या गव्हर्नरांवरून त्याचे नाव 'फॉकलंड' ठेविले होते. त्याची आठवण कितीजणांस आहे?

शंटिंगचे इंजिन परगावी जात नाही. यार्डात पुढे जावे, मागे यावे, विखुरलेले डबे ओळीने लावून गाडी सिद्ध करावी, एवढाच त्याचा संसार. वाफेच्या काळी या कामास बहुधा टाकीचे इंजिन घेत. पाणी व कोळसा त्याच्या अंगावरच असे. म्हणून ते दोन्ही दिशांनी सारखेच चाले, आणि त्या भाराने चाके रुळांवर घट्ट बसत. १९१५ साली सुरू झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्ट रेल्वेवर अशा इंजिनांनी गोदीतील माल वर्षानुवर्षे हलविला.

आमच्या घोडेगावास रूळ नाहीत. पण मोटेचे बैल वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. धावेवरून उतरावे, उलट पावली पुन्हा चढावे. ते बैल कोठेच पोहोचत नसत, पण मळा भिजत असे.

कोणी म्हणतील, मुलांस महत्त्वाकांक्षा शिकविण्याचे सोडून हे काय सांगता? आमचे उत्तर असे की, हे काम आळशाचे नव्हे. धक्का कमी बसला तर डबा भिडत नाही. अधिक बसला तर आतील माल फुटतो, आणि साखळी अडकविणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. जोर पुष्कळांपाशी असतो. तो बेताने लावणे हीच खरी विद्या होय.

ब्रॉडगेजवरील वाफेची नित्य वाहतूक १९९५ साली संपली. इंजिने बदलली, तरी गाडी लावून देणारा कोणीतरी लागतोच. वर्गात मागे पडलेल्या सोबत्यास गणित समजावून देणारा विद्यार्थी हेच काम करितो. बक्षीस समारंभात मात्र त्याचे नाव पुकारले जात नाही. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूने कोणतीही सेवा हलकी मानिली नाही. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, निकाल हाती घेताना मुलाचा नंबर अवश्य विचारावा; पण यंदा त्याने कोणास पुढे नेले, हेही विचारावे.