प्रवेश मिळाला, लिहायला कोण शिकविणार?

जून-जुलै उजाडला की आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या तालुक्यांतील आमच्या वस्त्यांमधून मुलेमुली जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि टीसीच्या झेरॉक्सची पिशवी घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभी राहतात. प्रवेश मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला तर घरी पेढे वाटले जातात. आणि आपण सारे, म्हणजे समाज, संघटना आणि आमच्यासारखे लिहिणारे, काम झाले असे समजतो. परंतु खरी अडचण त्यानंतर वर्गात सुरू होते आणि तिच्यासाठी आम्ही एकही मोर्चा काढल्याचे आम्हाला आठवत नाही.

अडचण सांगायला साधी आहे. बारा वर्षे शाळेत काढलेल्या मुलाला स्वतःच्या शब्दांत दोन पाने सलग लिहिता येत नाहीत. चाळीस पानांचे प्रकरण वाचून लेखकाचे म्हणणे काय, हे सांगता येत नाही. मुलगा ढ नाही. त्याच्याकडून ते कोणी करवूनच घेतलेले नाही. शाळेत फळ्यावरचे उतरवले, दहावीला अपेक्षित प्रश्नसंच, बी.ए.ला गाईड, एम.ए.ला कोणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स. गाईडवर पास होता येते म्हणून ही गोष्ट झाकून राहते. ती उघडी पडते सेमिनारचा पेपर मागितला जातो तेव्हा, किंवा पीएच.डी.ची सारांशिका लिहायची वेळ येते तेव्हा. वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ १९९७ पासून आहे. घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, तेथे हिंदी आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत, अशा चार भाषांच्या पायऱ्या आमच्या मुलाने एकट्याने चढायच्या!

उच्चवर्णीयांच्या घरात हे काम आपोआप होते. बाप प्राध्यापक, काका वकील, आत्या शिक्षिका. निबंध संध्याकाळी घरीच तपासला जातो. या घरगुती शिकवणीला पुढे गुणवत्ता म्हणतात. आमच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर मात्र लाल शाईने ‘अशुद्ध’ लिहून विषय संपतो. शुद्ध-अशुद्ध हे शब्द आम्हाला पाणवठ्यापासून ओळखीचे आहेत, ते वेगळे सांगायला नको.

आमच्यातले काही म्हणतील, बाबासाहेबांना कोणी शिकवणी लावली होती? लावली होती, असेच उत्तर आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. काय वाचायचे ते त्यांनी सांगितले, पुस्तके दिली आणि १९०७ मध्ये मॅट्रिकच्या सत्काराला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे लंडनला १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो बाबासाहेबांनी पुन्हा लिहून दिला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. लेखन परत येणे ही नापासाची खूण नाही, ही शिकण्याची रीत आहे. आमच्या महाविद्यालयांत लेखन परतच येत नाही. गठ्ठ्यात जाते आणि रद्दीत निघते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्गांची योजना आणली, पैसाही दिला. एका महाविद्यालयातला तो वर्ग आम्ही जवळून पाहिला आहे. दुपारचा अभ्यासक्रमच संध्याकाळी पुन्हा वाचून दाखवायचा, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या आणि तासिकेचे बिल लावायचे. मुलाने लिहिलेला एक कागद कोणी हातात घेतला नाही. वर ‘रेमेडियलवाले’ असा शिक्का. २०१२ च्या समता विनियमांनी विद्यार्थ्यांवर राखीव गटाचा शिक्का मारणे हा छळ ठरवला, पण तोवर मुलांनी वर्गाकडे पाठ फिरवलेली होती. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि या वर्गांचा पैसाही आटला. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्येच इंग्रजी व मूलभूत विषयांसाठी अशा मदतीची शिफारस केली होती. आमच्याच विदर्भाच्या मातीतल्या माणसाने ती गरज सांगितली, हे विशेष.

दंडाच्या बाबतीत मात्र व्यवस्था तत्पर आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर नोंदणीच रद्द होते. नक्कल करू नये, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडायचे, हे ज्याला एकदाही शिकवले नाही त्याने करायचे काय? तो टायपिंगच्या दुकानात जातो. तेथे टंकलेखनासोबत प्रकरणेही मिळतात. आता तर मोबाईलला विचारले की मिनिटभरात पाच पाने तयार. मुलगा वाचतो, पण लिहिता होत नाही.

आणि लिहिता येणे हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वर्ध्याच्या याच विद्यापीठाने झुंडबळींविषयी पंतप्रधानांना पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम करणाऱ्या दलित-ओबीसी समाजातील सहा विद्यार्थ्यांना आचारसंहितेचे कारण देऊन निष्कासित केले. गदारोळ होताच काही दिवसांत आदेश मागे घेतला. आपल्या पत्राची ताकद कधी कधी आपल्याआधी सत्तेलाच कळते.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये गरीब, कृष्णवर्णीय, स्थलांतरितांच्या मुलांना दारे खुली केली, तेव्हा तेथेही ‘दर्जा बुडाला’ अशी ओरड झाली. सिटी कॉलेजच्या मिना शॉनेसी यांनी ओरड बाजूला ठेवून या मुलांचे सुमारे चार हजार निबंध वाचले. १९७७ मध्ये त्यांचे पुस्तक आले. या चुका बेशिस्त नाहीत, त्यांमागे विचार आहे, तो समजून घेतला तर शिकवता येते, असे त्यांनी दाखवून दिले. चार हजार निबंध! आमच्याकडे चाळीस वाचणारा प्राध्यापक दाखवा. अर्थात त्याच्यावरही अन्याय आहे. तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालये फिरणारा तो माणूस वह्या कधी तपासणार?

प्रयत्न झाले ते आपल्याच माणसांकडून. अनूप कुमार यांनी २०१३ मध्ये वर्ध्यात नालंदा अकॅडमी उभी केली आणि दलित, आदिवासी, ओबीसी मुलांना नामवंत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांसाठी तयार केले. शेजारच्या यवतमाळात राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये एकलव्य सुरू केले. या कामाचे मोल मोठे आहे. पण ते दारापर्यंत नेणारे काम आहे. दाराच्या आतले काम महाविद्यालयाचे आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घ्यावे लागेल.

मागणी फार मोठी नाही. ग्रंथालयात एक टेबल, आठवड्यातून चार संध्याकाळी एक मानधनावरचा शिक्षक, आणि एका वेळी एकच विद्यार्थी स्वतःचा कागद घेऊन समोर बसलेला. सर्व जातींच्या मुलांसाठी खुले, म्हणजे शिक्का बसणार नाही. महाविद्यालय हलत नसेल तोवर विहारातील अभ्यासिकेत हे सुरू करता येते. निवृत्त शिक्षक गावोगावी आहेत, आणि एका जयंतीच्या डीजेच्या पैशात वर्षभराचे मानधन निघते. शिष्यवृत्तीच्या थकबाकीचे निवेदन घेऊन कार्यकर्ते या सत्रातही प्राचार्यांकडे जातीलच. त्या निवेदनात खाली ही एक मागणी जोडावी, आणि ते निवेदन नेत्याने नव्हे, विद्यार्थ्यांनी लिहावे.